मगावरची मुलगी

माझी भाची अमेरिकेत असते. गेल्या दिवाळीत आली तेव्हा तिनं माझ्यासाठी चिनी मातीचा एक पांढरा मग आणला. "मावशी, तू गिरणगावातली ना, म्हणून हा," म्हणाली. मगावर एक जुनं छायाचित्र छापलंय. सूतगिरणीतली एक लहान मुलगी. अनवाणी पाय, तेलाचे डाग पडलेला झगा, एक हात कताईच्या यंत्रावर टेकलेला आणि नजर थेट आपल्याकडे.

खरं सांगते, त्या मगातून मला चहा पिववेना. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे कताईतच होते. पाळी संपवून आले की केसांत, भुवयांत कापूस असायचा. तसल्या कामानं दमलेली एक पोर आपण शोभेला कपावर का मिरवायची? मी मगात पेन्सिली ठेवल्या.

एक दिवस शेजारच्या छोट्यानं विचारलं, "आजी, ही कोण?" मला सांगता आलं नाही. मग मी शोध घेतला.

हे छायाचित्र लुइस हाइन यांनी ऑगस्ट १९१० मध्ये व्हरमाँट राज्यातल्या नॉर्थ पॉनल इथल्या सूतगिरणीत काढलं. हाइन मूळचे शाळामास्तर. १९०८ साली नोकरी सोडून ते राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी छायाचित्रं काढू लागले. मालक आत येऊ देत नसत. म्हणून कधी आगीचा बंदोबस्त तपासणारा, तर कधी बायबल विकणारा म्हणून ते आत शिरत. पोरांची उंची स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजत आणि खिशातल्या कागदावर नाव, वय, काम गुपचूप टिपून घेत. त्यांनी आणि समितीनं जमवलेली पाच हजारांहून जास्त छायाचित्रं आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. मुलांच्या मजुरीला देशभर आळा घालणारा टिकाऊ कायदा व्हायला मात्र १९३८ साल उजाडलं.

या मुलीचं चित्र गाजलं. १९९८ साली ते टपाल तिकिटावर आलं. पण तिचं आडनाव मधल्या काळात कुठंतरी चुकलं आणि ती 'अ‍ॅडी लेअर्ड' झाली. एलिझाबेथ विन्थ्रॉप या लेखिकेनं १९१० च्या जनगणनेची पानं चाळली, तेव्हा खरं नाव सापडलं : अ‍ॅडी कार्ड, वय बारा. मग जो मॅनिंग या संशोधकाच्या मदतीनं पुढचा माग लागला. अ‍ॅडीनं संसार केला, दुःखं सोसली आणि १९९३ साली ती गेली. तिकीट निघालं ते त्यानंतर पाच वर्षांनी.

छोट्याला मी हे सगळं सांगितलं. त्यानं लगेच भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. "आणि हे कोण?"

तो वडिलांच्या खात्याचा ग्रुप फोटो. १९६८ सालचा. सव्वीस माणसं, इस्त्रीचे सदरे घालून उभी. वडील मी ओळखते. बाकीचे पंचवीस? अमेरिकेतल्या एका मुलीचं नाव मी शोधून काढलं होतं. आणि ज्यांच्यासोबत माझ्या बापानं आयुष्य काढलं, त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं. वडील होते तोवर कधी विचारलंच नाही.

फोटो उतरवून मी लालबागला गेले. वडिलांच्या खात्यातले एक काका अजून त्याच चाळीत राहतात. नव्वदीला टेकलेत. भिंग घेऊन बसले. "हा सावंत, कणकवलीकडचा. हा बदली कामगार, साताऱ्याचा. नाव नाय आठवत बाय, पण भजनात पखवाज वाजवायचा." एका चेहऱ्यावर त्यांचं बोट थांबलं. "हा संपात गावी गेला. परत आलाच नाय."

संप म्हणजे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला. डॉ. दत्ता सामंतांचं नेतृत्व, सुमारे अडीच लाख कामगार. आकडा आपल्याला पाठ असतो. त्या आकड्यातल्या एकावर काकांचं बोट होतं.

दोन तासांत अकरा नावं मिळाली. मी ती फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहिली. वडील धरून बारा. चौदा अजून राहिलेत. पुढच्या महिन्यात मी पुन्हा जाणार आहे; काका म्हणाले, "लवकर ये."

मगाच्या तळाला मी आता रंगानं 'अ‍ॅडी कार्ड' असं लिहिलंय. सकाळचा चहा त्यातूनच घेते.

तुमच्याही भिंतीवर, ट्रंकेत असा एखादा फोटो असेल. गिरणीचा, छापखान्याचा, साखर कारखान्याचा. तो घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापुढं ठेवा आणि नावं विचारा. उद्या नको, आजच विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)