घरांतील वेगळें मूल व सोलापुरांतील साह्य

अडीच वर्षांचें मूल अजून 'आई' म्हणून हांक मारीत नाहीं, ही गोष्ट घरांत सर्वांच्या आधीं आईच्या लक्षांत येते. ती भीत भीत तें बोलून दाखविते. सासूचें उत्तर तयार असतें: "याचा बाप तरी कोठें चार वर्षांपर्यंत बोलत होता?" शेजारीण सांगते कीं मुलगे उशिरांच बोलतात. कोणी जिभेला मध चाटवावयास सांगतो, कोणी सिद्धेश्वराला नवस बोलावयास सांगतो. ह्यांत कोणाचाहि हेतु वाईट नसतो. परंतु ह्या सगळ्या धीराच्या गोष्टींत एक वर्ष निघून जातें, कधीं दोन जातात, आणि तीं वर्षें पुढें कोणत्याहि रुग्णालयांत परत मिळत नाहींत.

सोलापुरांत ह्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. पूर्व भागांतील कित्येक घरांत राहण्याची जागा व यंत्रमाग एकाच भिंतीच्या आड असतात. मागांच्या खडखडाटांत माणसें एकमेकांशीं ओरडून व हातवाऱ्यांनींच बोलतात. अशा घरांत बहिरें मूल खुणेनें सारें समजून घेतें आणि तें 'हुशार पण अबोल' ठरतें. भांडें पडलें कीं तें दचकतें, म्हणून त्याला ऐकूं येतें असें घरचीं माणसें मानतात. वास्तविक पुष्कळ वेळां तें आवाजानें नव्हे, जमिनीच्या कंपानें दचकलेलें असतें. म्हणून बोलण्यास उशीर करणाऱ्या प्रत्येक मुलाचे कान प्रथम तपासून घ्यावे, आणि मगच पुढच्या शंका काढाव्या. नवजात अर्भकाच्या कानाची चांचणीहि आतां होते. ती कांहीं मिनिटांची असून मूल झोपलेलें असतांनाच करतां येते. जन्मानंतर मूल उशिरां रडलें असेल, त्याला जोराची कावीळ झाली असेल, किंवा तें फार कमी वजनाचें असेल, तर ही चांचणी टाळणें हा धोका आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. सोलापूर हें मराठी, तेलुगु व कानडी ह्यांच्या शिवेवरचें शहर. घरांत तेलुगु, शाळेंत मराठी, रस्त्यावर हिंदी, असा प्रकार येथें नवलाचा नाहीं. मूल बोलेना कीं कोणीतरी शहाणा सल्ला देतो कीं घरची भाषा बंद करा, म्हणजे गोंधळ थांबेल. हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषा कानांवर पडल्यानें स्वमग्नता उत्पन्न होत नाहीं व वाचादोषहि वाढत नाहीं, असेंच आजवरचें संशोधन सांगतें. उलट ज्या भाषेंत आई हंसते, रागावते व अंगाई म्हणते, ती भाषाच घरांतून काढून टाकली तर मुलाशीं बोलावयाचें तरी कोणीं? वाचोपचार घरच्याच भाषेंत आरंभावा.

आतां साह्य कोठें मिळतें तें पाहूं. 2013 सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. वैद्यकांचें पथक अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व सरकारी शाळेंत एकदां जातें, आणि जन्मजात दोष, कमतरतेचे विकार, आजार व वाढींतील विलंब ह्या चार अंगांनीं मुलांना पाहतें. मध्यमवर्गीय घरांतून ह्या पथकाविषयीं फारशी माहिती नसते. आपलें मूल खाजगी बालवाडींत जातें, तेव्हां अंगणवाडीशीं आपला संबंध काय, असें वाटतें. परिणामीं कधीं कधीं विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाचा दोष आधीं सांपडतो आणि बंगल्यांतल्या मुलाचा मागाहून. बंगल्यांत दोष लपविण्याची सोय अधिक असते, हेंहि त्याचें एक कारण आहे.

शहरांत डॉ. वैशंपायन स्मृति शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे, आणि त्याला जोडलेलें सर्वोपचार रुग्णालय 'सिव्हिल' ह्या नांवानें साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. बालरोग, कान-नाक-घसा, नेत्र, अस्थि व मानसोपचार हे विभाग एकाच आवारांत असल्यामुळें, ज्या मुलाला एकाहून अधिक अडचणी आहेत त्याच्या आईबापांना गांवभर हिंडावें लागत नाहीं. रांग मात्र असते. मेच्या उन्हांत पाळण्याएवढ्या मुलाला खांद्यावर टाकून उभें राहणें म्हणजे काय, हें ज्यानें अनुभविलें त्यालाच कळावें. पहिल्या खेपेस मुलाचे जन्माचे कागद, पूर्वीच्या चांचण्या व मूल काय करूं शकतें, काय करूं शकत नाहीं ह्याचें एक टिपण बरोबर नेलें तर दुसरी खेप बरीच वांचते. मुलाच्या वागण्याचें एखादें चलत्‌चित्र दूरध्वनियंत्रावर घेऊन ठेवलें तर आणखी बरें. डॉक्टरांसमोर मूल तें कधींच करीत नाहीं.

त्यानंतर दाखला. पुष्कळ आईबाप येथेंच अडतात. दाखला घेतला म्हणजे मुलाच्या कपाळावर शिक्का बसला, असें त्यांना वाटतें. विशेषतः घरांत दुसरी मुलगी लग्नाची असेल तर फारच. परंतु दाखल्यावांचून कायद्याचें दार उघडत नाहीं. 1995 च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते; 2016 च्या कायद्यानें ते एकवीस केले व त्यांत स्वमग्नता, वाचनलेखनाची विशिष्ट अक्षमता, थॅलॅसेमिया, सिकलसेल इत्यादींचा समावेश झाला. हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलांत आहे. अर्ज आतां संगणकावरून करावयाचा असतो, तपासणी शासकीय रुग्णालयांतील वैद्यकीय मंडळ करतें, आणि मग देशभर चालणारें 'युडीआयडी' ओळखपत्र मिळतें. बहुतेक सवलतींसाठीं किमान चाळीस टक्के दिव्यांगता असावी लागते. लहान मुलांचा दाखला बहुधा मुदतीचा असतो. मुदत संपण्यापूर्वीं फेरतपासणीची आठवण घरांतील कोणातरी एकानें ठेवावी. ही आठवणहि नेहमीं आईवरच कां पडावी, हा प्रश्न वडिलांनीं स्वतःलाच विचारण्यासारखा आहे.

शाळेचा प्रश्न सर्वांत नाजूक. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला सहापासून अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क 2016 च्या कायद्यानें दिला आहे. तें शिक्षण जवळच्या साध्या शाळेंत घ्यावें कीं विशेष शाळेंत, ही निवड त्याच्या घरची आहे. मूल वेगळें आहे म्हणून साध्या शाळेला दार लावतां येत नाहीं. तीव्र व बहुविध दिव्यांगता असेल तर घरीं शिकण्याचीहि सोय 2012 च्या दुरुस्तीनें झाली आहे. शहरांत व जिल्ह्यांत अंध, मूकबधिर व मतिमंद मुलांच्या विशेष शाळा आहेत. मान्यता असलेल्या शाळांची यादी जिल्हा परिषदेंत विचारावी व शाळा स्वतः डोळ्यांनीं पाहून मगच ठरवावी. इमारत पाहूं नये. मुलें मधल्या सुटींत काय करीत आहेत तें पाहावें. तीं खेळत असतील व शिक्षकहि त्यांच्यांत असतील तर शाळा बहुतांशीं चांगली आहे. कोपऱ्यांत एकटीं बसलेलीं असतील तर फलकावर कितीहि मोठें नांव असो.

साध्या शाळेंत मूल घातलें तर एक गोष्ट आरंभींच स्पष्ट करून घ्यावी: त्याच्यासाठीं विशेष शिक्षक किती वेळां येणार व वर्गशिक्षक काय बदल करणार. पुढें दहावीच्या परीक्षेस जादा वेळ, लेखनिक इत्यादि सवलती मिळतात. तासामागें वीस मिनिटें हा जादा वेळेचा हिशोब आहे. मात्र ह्या सवलतींचे कागद नववींतच तयार करावे. फेब्रुवारींत धांवाधांव करणाऱ्या घरांत परीक्षेचें भय मुलाला नसतें, आईबापांनाच असतें.

पैशाविषयीं थोडक्यांत. गरीब कुटुंबांतील दिव्यांगांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेंतून दरमहा मिळणारी रक्कम दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें सप्टेंबर 2025 मध्यें घेतला. महानगरपालिका, नगरपालिका व ग्रामपंचायती ह्यांनीं आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचे पांच टक्के दिव्यांगांसाठीं खर्च करावयाचे असतात. हे पैसे कशावर खर्च झाले हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक आईबापांस आहे, आणि कोणी विचारीत नाहीं म्हणूनच ते कधीं कधीं पडून राहतात. एस. टी.च्या भाड्यांत दिव्यांगांस पाऊणपट सवलत आहे. नोकरदार पालक जुन्या करपद्धतींत असेल तर त्याला 75,000 रुपयांची, व दिव्यांगता ऐंशीं टक्के वा अधिक असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची इत्यादि साधनें केंद्राच्या योजनेंतून मिळतात. हें सर्व खरें. पण विडी वळणाऱ्या आईची मजुरी हजारी विड्यांवर असते, आणि आठवड्यांतून दोनदां मुलाला व्यायामोपचारास नेलें तर त्या दोन दिवसांची विडी बुडते. तिला फुकट उपचार मिळाला तरी तो तिला फुकट पडत नाहीं. म्हणून जो उपचारतज्ज्ञ आईला घरींच, काम करतां करतां करण्याजोगे चार व्यायाम शिकवितो, तोच अशा घरचा खरा डॉक्टर.

स्थानिक साह्य अपुरें पडलें तर दोन मोठ्या राष्ट्रीय संस्था सोलापूरकरांना फार दूर नाहींत. बौद्धिक दिव्यांगतेसाठींची संस्था 1984 पासून सिकंदराबादेस आहे, व तेलुगु बोलणाऱ्या घरांना तेथें भाषेचीहि अडचण पडत नाहीं. वाणी व श्रवण दोषांसाठींची अली यावर जंग संस्था 1983 पासून मुंबईंत वांद्र्यास आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसनें रात्रीं निघालें कीं सकाळीं मुंबई. एकदां तेथें सविस्तर तपासणी करून कार्यक्रम आंखून घ्यावा आणि तो सोलापुरांत चालवावा. दर महिन्यास मुंबई गांठण्याचा हट्ट धरणारीं घरें लवकरच थकतात.

परंतु ज्यांच्या घरांत असें मूल आहे त्यांना विचारलें तर तीं सांगतात कीं पहिलें साह्य कचेरींतून आलें नाहीं. तें रुग्णालयाच्या बाकावर शेजारीं बसलेल्या दुसऱ्या आईकडून आलें. कोणता डॉक्टर मुलाशीं नीट बोलतो, कोणत्या खिडकीवर कोणता कागद मागतात, रात्रीं मूल झोपेना तर काय करावें, हें तिनें सांगितलें. भारतांतील पुष्कळशा विशेष शाळा अशाच आईबापांच्या अडचणींतून उभ्या राहिल्या आहेत. मुंबईंत 1944 सालीं होरमसजी व जेरबानू वकील ह्या दांपत्यानें, आपल्या मुलीला योग्य शाळा मिळेना म्हणून, स्वतःच शाळा काढली; आज ती जयवकील संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. 1972 सालीं मिठू अलूर ह्यांनीं आपल्या मुलीच्या निमित्तानें मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठीं मुंबईंतच संस्था उभारली. पुण्याची 'कामायनी' 1964 ची. 1995 मध्यें देशांतील पालकसंघांनीं 'परिवार' नांवाचा महासंघ स्थापला. सोलापुरांत पांच आयांनीं महिन्यांतून एका रविवारीं एखाद्या शाळेच्या ओसरीवर जमावयाचें ठरविलें तर त्याला सरकारी मंजुरी लागत नाहीं, खर्चहि चहापुरता. बापांनींहि यावें. पहिल्या दोन बैठकांस ते येत नाहींत, तिसरीस येऊन गप्प बसतात, आणि मग एकदां बोलूं लागले कीं थांबत नाहींत, असा सर्वत्रचा अनुभव आहे.

ह्या बैठकींत भावंडांनाहि स्थान असावें. वेगळ्या मुलाची थोरली बहीण दहाव्या वर्षींच लहान आई होऊन बसते. तिच्या वाढदिवसाला कोणी जागें नसतें, तिचा पहिला नंबर कोणाच्या लक्षांत राहात नाहीं. ती तक्रार करीत नाहीं, म्हणून तिला तक्रार नाहीं असें समजूं नये.

मग शेवटीं तो प्रश्न येतोच, जो आईबाप दिवसा बोलत नाहींत: आमच्यामागें ह्याचें कोण? मूल अठरा वर्षांचें झालें कीं आईबाप हे त्याचे कायद्यानें आपोआप पालक राहात नाहींत, ही गोष्ट पुष्कळांना बँकेच्या खिडकीवरच प्रथम कळते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविध दिव्यांगता ह्या चारांसाठीं 1999 सालीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं स्थानिक समिति असते. तिच्याकडे अर्ज करून आई, वडील, भाऊ, बहीण वा नोंदणीकृत संस्था ह्यांना पालक नेमून घेतां येतें. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमायोजना एक लाख रुपयांपर्यंत असून तींत आधींच्या आजारामुळें कोणास नाकारीत नाहींत, व उपचारपद्धतींचा नित्य खर्चहि बसतो. सरकारी नोकर असलेल्या पालकांनीं आपल्या हयातींतच दिव्यांग मुलाचें नांव कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या कागदांत नोंदवून ठेवावें. तें वेतन अटींस अधीन राहून त्याला जन्मभर मिळूं शकतें. मागाहून भावंडांना हे कागद जमविणें फार जड जातें. कोणी अन्याय केला, शाळेनें प्रवेश नाकारला, तर पुण्यास राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. त्यांच्याकडे लेखी तक्रार करतां येते. 3 डिसेंबर 2022 पासून तर महाराष्ट्रांत दिव्यांग कल्याणाचें स्वतंत्र खातेंच आहे.

पालकत्वाचा अर्ज मुलाच्या अठराव्या वाढदिवसाच्या आठवड्यांत भरावयास घ्यावा. सोबत दाखला, जन्माचा पुरावा, पालक होऊं इच्छिणाऱ्याची संमति, आणि घरांतील सर्वांची एकदां मोकळेपणानें झालेली बोलणी. ह्यांतलें शेवटचें कोणत्याहि कचेरींत मागत नाहींत, आणि जमवावयास सर्वांत अधिक दिवस त्यालाच लागतात.