तिसरा भाग



संयोजकांनी मला बजावलं होतं, ‘दहा मिनिटं बोल, पण नोकरीवर नको. त्यावर सगळेच बोलणार आहेत.’ म्हणून मी एका सिनेमावर बोलणार आहे. बोलता बोलता एक कबुलीही द्यायची आहे. ज्याला द्यायची तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याचं नाव घेत नाही, घेतलं तर चहाच्या निमित्ताने उठून जाईल. तुम्हाला ओळखता येईलच, कारण आठवी ते दहावी आम्ही दोघं एकाच बाकावर बसायचो.

नववीत इंग्रजीच्या सरांनी आपल्या घरच्या कपाटातलं ‘द हॉबिट’ आम्हा दोघांना वाचायला दिलं. देताना त्यांनी लेखकाची गोष्ट सांगितली. टॉल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. उत्तरपत्रिका तपासताना त्यांना एका मुलाने कोरं सोडलेलं पान सापडलं आणि त्या पानावर त्यांनी या पुस्तकाचं पहिलं वाक्य लिहिलं. पुढच्या चाचणीत आम्ही दोघांनीही एक-एक पान कोरं सोडलं. सरांनी त्यावर कादंबरी लिहिली नाही. ‘कागद वाया घालवू नये’ एवढा शेरा मात्र लाल शाईत मिळाला.

त्यानंतर अप्पा बळवंत चौकातून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची जुनी प्रत आली. हजारभर पानं होती. ज्यांनी हे वाचलं-पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सगळ्या जगाला गुलाम करू शकेल अशी एक अंगठी आहे. ती जिथे घडवली त्याच ज्वालामुखीत टाकली तरच नष्ट होते. हे काम येतं फ्रोडो नावाच्या एका बुटक्या, घरकोंबड्या जीवावर, आणि त्याच्यासोबत शेवटपर्यंत चालतो त्याचा माळी, सॅम. आम्ही दोघं डिक्शनरी मधे ठेवून ते वाचत होतो. दहावीच्या निकालावर त्याचा परिणाम दिसलाच.

पुढे मी इंजिनिअरिंगला पुण्याला आलो आणि तो बी.कॉम. करून वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसला. पीटर जॅक्सनने या पुस्तकाचे तिन्ही सिनेमे न्यूझीलंडमध्ये एका दमात चित्रित केले, ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० मध्ये. २००१ पासून दर डिसेंबरला एक याप्रमाणे ते बाहेर पडले. पहिले दोन आम्ही पुण्यात बघितले. दोन्ही वेळा तो दुकान बंद करून एसटीने आला. दुसऱ्या भागानंतर बसस्टँडवर उसाचा रस पिताना आम्ही ठरवलं की तिसरा एकत्रच बघायचा. तोपर्यंत दोघांपैकी कुणीही बघायचा नाही.

मग कंपनीने मला न्यू जर्सीला पाठवलं.

त्या वर्षी आम्ही वाट कशी बघितली हे आजच्या मुलांना सांगूनही कळणार नाही. तो सायबर कॅफेत जाऊन ट्रेलर उतरवायचा. अर्ध्यात वीज जायची, की पुन्हा पहिल्यापासून. मी कॉलिंग कार्डावरून फोन करायचो आणि मिनिटं संपेपर्यंत आम्ही एवढंच बोलायचो की गोंडोरच्या डोंगरांवरचे इशाऱ्याचे जाळ कसे दाखवतील, ती राक्षसी कोळीण केवढी असेल. शेवट दोघांनाही पाठ होता. पण शेवट ठाऊक असूनही आपण कीर्तनाला बसतोच की.

१७ डिसेंबर २००३, बुधवार. ऑफिसातले सगळे निघाले होते. कुणीतरी माझंही तिकीट काढलं. मी दोन वेळा नाही म्हणालो, तिसऱ्यांदा कोट घातला.

सिनेमा तीन तास एकवीस मिनिटांचा. डोंगरामागून डोंगर पेटत जाताना मला आपल्या सह्याद्रीचे किल्ले दिसले. पहाटे रोहनचे घोडदळ उतारावरून सुटलं तेव्हा शेजारचा अनोळखी माणूस उभा राहिला. आणि ज्वालामुखीच्या काठावर, एवढं सगळं सोसून पोचलेला फ्रोडो ऐनवेळी अंगठी टाकत नाही. ‘माझी’ म्हणून बोटात घालतो. पुस्तकात हे वाचलं होतं, पण त्या दिवशी ते अंगावर आलं. वर्षभर पाळलेला शब्द शेवटच्या पायरीवर मोडून मी तिथे बसलो होतो.

त्यानंतरही सिनेमा बराच वेळ संपत नाही. पडदा काळा झाला की लोक उठायचे, पुन्हा चित्र आलं की हसत बसायचे. मला मात्र तो लांबलेला शेवट सर्वांत आवडला. चौघे मित्र गावी परततात आणि आपल्या जुन्या गुत्त्यात जाऊन बसतात. आजूबाजूचे लोक एका मोठ्या भोपळ्याचं कौतुक करण्यात गुंग असतात. या चौघांनी काय पाहिलं हे कुणाला माहीत नाही, आणि कुणी विचारतही नाही. ते एकमेकांकडे बघतात आणि पेले भिडवतात. मी तिथे रडलो. बाजूला मात्र ऑफिसातले लोक होते.

फेब्रुवारीअखेर ऑस्कर झाले. अकरा नामांकनं आणि अकराच्या अकरा पुरस्कार. ‘बेन-हर’ आणि ‘टायटॅनिक’शी बरोबरी. मी याला फोन केला. हा म्हणाला, “मला काही सांगू नकोस, मी अजून बघितला नाही. तू येशील तेव्हा बघू.” सिनेमा पुण्यात लागला आणि उतरलाही. माझं काम लांबत गेलं. हा गेला नाही.

मी २००४ च्या दिवाळीत आलो. याने तीन व्हीसीडी आणून ठेवल्या होत्या. दुकानाच्या वरच्या खोलीत, बाहेर फटाके वाजत असताना आम्ही सिनेमा लावला. मी पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बसलो. कोळीण फ्रोडोच्या मागून आली तेव्हा हा खुर्चीतून उडाला. मी शांत. थोड्या वेळाने सीडी बदलताना याने विचारलं, “तू बघितलायस का रे आधी?” मी म्हणालो, “छे!”

ती ‘छे’ आज मागे घेतो. बघितला होता. तुझ्या आधी जवळजवळ अकरा महिने.

सिनेमा संपल्यावर मी विचारलं, कसा वाटला? मला वाटलं, हाही त्या गुत्त्याबद्दल बोलेल. हा म्हणाला, “पुस्तकातलं गाव कुठे गेलं?” मूळ कादंबरीत चौघे परत येतात तेव्हा त्यांचं गाव बिघडलेलं असतं. झाडं तोडलेली, गिरणी धूर ओकणारी, गुंड पंच झालेले. शेवटची लढाई त्यांना आपल्याच गावात लढावी लागते. सिनेमात हे गाळलं आहे. याचं म्हणणं होतं, “बाहेर गेलेल्यांना वाटतं गाव तसंच राहिलंय, आपली वाट बघत. सिनेमा त्यांच्या बाजूने काढलाय.” तेव्हा मी वाद घातला, आधीच अनेक शेवट आहेत, अजून एक कसा मावणार? आज सकाळी शाळेत येताना ओढ्यावरची वडाची रांग दिसली नाही, तेव्हा याचं बोलणं आठवलं. ती झाडं पडली तेव्हा मी इथे नव्हतो. हा होता, आणि त्यासाठी नगरपालिकेत खेटेही यानेच घातले होते. हे मला आज चहाच्या वेळी दुसऱ्यांकडून कळलं.

जाता जाता एकच. टॉल्किन बर्मिंगहॅमच्या शाळेत असताना चौघा मित्रांचा गट होता. शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा करायचे, म्हणून गटाचं नावच ‘टी क्लब’वरून पडलं. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, त्यातले दोघे गेले. गुत्त्यात चौघांनी एकत्र बसणं त्या लेखकाच्या स्वतःच्या वाट्याला पुन्हा आलं नाही. आपल्या बॅचमधलेही तिघं आज नाहीत. जे आहोत त्यांनी खोटं सांभाळत बसण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या रांगेतल्या गृहस्था, माफ कर. मोठ्या आवृत्तीची डीव्हीडी आणली आहे, चार तास अकरा मिनिटांची. उद्या रविवार, दुकान बंद. ती मात्र मी खरोखर बघितलेली नाही. पटत नसेल तर कोळीण आली की माझ्याकडे बघ.