कर कोणाचा सुटला, दवाखाना कोणाचा तुटला?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीकविम्यावर झाले. मला विषय दिला आहे कर आणि दवाखाना. विषय ऐकून मागचे चार-दोन जण चहाला उठले. त्यांचा दोष नाही. कर म्हटले की वाटते, हे शहरवाल्यांचे काम. दवाखाना म्हटले की वाटते, ज्याच्या घरी दुखणे त्याचे तो पाहील. पण मी आज कापसाच्या भावावरच बोलणार आहे. फक्त वाट दवाखान्यातून जाते.

२०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. शेजारच्या गावातले एक शेतकरी, पाच एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. दुसरा वेचा घरात आला होता, नऊ क्विंटल. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. सीसीआयच्या केंद्रावर नोंदणी झाली होती, नंबर लागायचा होता. पंधरा दिवस थांबले असते तर माल हमीभावाने गेला असता. तेवढ्यात घरच्या बाईला ताप भरला. सरकारी दवाखान्यात नेले. केसपेपरला पैसे लागले नाहीत, खाटेला लागले नाहीत. पण रोज सकाळी हातात चिठ्ठी यायची, "हे बाहेरून आणा." सलाईन बाहेरून, इंजेक्शन बाहेरून, दोन तपासण्या बाहेरून. आठ दिवसांत चौदा हजार गेले. पैसे रातोरात हवे होते, म्हणून घरातला कापूस दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला दिला, क्विंटलमागे बाराशे रुपये कमी घेऊन.

आता हिशेब करा. नऊ क्विंटलचे बाराशेप्रमाणे १०,८०० रुपये. औषधाचे १४,०००. एका तापाचे झाले २४,८००. यातले औषधाचे चौदा हजार दुखण्याच्या खर्चात मोजले जातील. पण कापसात गेलेले १०,८०० रुपये कुठल्याच सरकारी वहीत आरोग्यावरचा खर्च म्हणून लिहिले जाणार नाहीत. तिथे एवढेच दिसेल, की शेतकऱ्याने हमीभावाची वाट न पाहता माल विकला. वर आपल्यालाच उपदेश होईल, घाई करू नका, माल साठवा. माल साठवायला गोदाम लागते, तसा घरातला माणूसही उभा लागतो. दवाखाना तुटका असला की आपला कापूस पडत्या भावाने जातो. मी पदवीचा अभ्यास केला त्यात खत, बियाणे, अंतर, फवारणी सगळे होते, हा धडा नव्हता. तो मी गावोगाव फिरून शिकलो.

आता कराकडे या.

सरकारने हात आखडता घ्यावा, कर कमी करावा, असे आपणही मागत आलो आहोत. म्हणून करकपात म्हटली की आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवली आहे. २० सप्टेंबर २०१९ ला केंद्राच्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यातून जाहीर केले, की कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्के; अधिभार आणि उपकर धरून सुमारे ३५ वरून सुमारे २५ टक्के. नव्या कारखान्यांना तर १५ टक्केच. सरकारनेच सांगितले, यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल. मला वाटले, चला, कारखानदाराच्या हातात पैसा राहील, सूतगिरण्या निघतील, कापसाला गिऱ्हाईक वाढेल.

काय झाले ते रिझर्व्ह बँकेच्या २०१९-२० च्या वार्षिक अहवालात लिहिले आहे. कंपन्यांनी ही सूट कर्ज फेडायला आणि गंगाजळी वाढवायला वापरली, नवी गुंतवणूक त्यातून सुरू झाली नाही. हे कोण्या चळवळीच्या पत्रकातले वाक्य नाही, रिझर्व्ह बँकेचे निरीक्षण आहे. २०१८-१९ मध्ये कंपनी कर ६ लाख ६३ हजार कोटी जमा झाला होता, २०१९-२० मध्ये ५ लाख ५७ हजार कोटी झाला. पुढे वसुली वाढली हे खरे आहे, कारण नफे वाढले. पण २०२३-२४ मध्ये देशात कंपन्यांनी भरलेल्या करापेक्षा माणसांनी भरलेला आयकर जास्त होता.

आता हा आकडा दवाखान्याशेजारी ठेवून पाहा. त्याच वर्षी, २०१९-२० च्या अर्थसंकल्पात, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला दिलेली सगळी रक्कम होती ६४ हजार ५५९ कोटी. एका दिवशी सोडलेला कर त्याच्या दुपटीहून अधिक.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. दवाखाना चालवते राज्य. कंपनी कर गोळा करते केंद्र, पण त्या कुंडात राज्यांचाही वाटा असतो. त्या वेळी वित्त आयोगाने तो ४२ टक्के ठरवला होता. म्हणजे दिल्लीने शंभर रुपये सोडले, तर त्यातले सुमारे चाळीस रुपये राज्यांच्या खिशातले होते. उलट अधिभार आणि उपकर यांतला वाटा राज्यांना मिळत नाही. सामाईक विहिरीचे पाणी एका भावाने शेजाऱ्याला दिले आणि स्वतःच्या वावरातली बोअर तेवढी राखून ठेवली, असा हा व्यवहार. आणि आपले ग्रामीण रुग्णालय त्या सामाईक विहिरीवर आहे.

सरकारने एवढे सोडले म्हणून त्या दवाखान्यातले अमुक इंजेक्शन संपले, असा एका ओळीचा हिशेब मी मांडणार नाही. तसा कोणी मांडला तर तुम्ही त्याला थांबवा. मध्ये अनेक हात आहेत. खरेदी वेळेवर होत नाही, पदे भरली जात नाहीत, आलेला पैसा खर्च होत नाही. पण एक नेम दिसतो. कर सोडताना कोणी विचारत नाही की याची भरपाई कुठून करणार. आरोग्याला द्यायची वेळ आली की लगेच सांगतात, तिजोरीत पैसा नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले, की सरकारचा आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. कोरोनाच्या २०२१-२२ सालातही तो १.८४ टक्केच होता. त्यानंतर, कोरोना ओसरताच, २०२२-२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाला आधी ८६ हजार २०० कोटी दाखवले आणि वर्षाअखेरीच्या सुधारित अंदाजात ७९ हजार १४५ कोटी केले. सात हजार कोटी गेले. त्याची ना सभा झाली, ना पत्रकार परिषद. करकपात वाजतगाजत येते, आरोग्याची कपात गुपचूप येते.

कोणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात पैसा ओतून उपयोग काय, लोकांच्या खिशात पैसा राहू द्या, ते चांगला डॉक्टर पाहतील. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण खिसा कोणाचा, ते पाहा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. म्हणून आपल्याला टोमणा बसतो, शेतकरी कर भरत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आयकर माफ झाला, सरकारने सुमारे एक लाख कोटी सोडले. आपल्यापैकी कोणाचा मुलगा नोकरीत असेल तर त्याचे भले झाले, आनंद आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशात त्यातले काय आले? आपण जो कर भरतो तो दुकानात भरतो. कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी. दुकानदार त्याने भरलेला कर पुढच्या बिलातून वळता करून घेतो, कारखानदारही घेतो. आपण साखळीच्या शेवटी उभे, आपल्याला वळता करायला पुढे कोणी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी बऱ्याच अंशी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ही कपात आपल्या कामाची, तिचे स्वागत करू. पण फवारणीच्या औषधाचे १८ टक्के त्या फेरबदलातही तसेच राहिले.

आणि एक करकपात तर थेट आपल्या अंगणात आली. परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ केले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला पहिला वेचा घरात यायच्या आधीपासून ते ऐन आवकेचे महिने संपेपर्यंत. फायदा गिरण्यांचा. त्यांचीही अडचण होती, अमेरिकेने त्यांच्या मालावर जबर शुल्क लावले होते. पण त्या अडचणीचा बोजा कापूसवाल्याच्या पाठीवर का? माझ्या गोष्टीतले शेतकरी नोव्हेंबरात कापूस विकत होते, तेव्हा एका बाजूने ही माफी आणि दुसऱ्या बाजूने दवाखान्याची चिठ्ठी, दोन्ही एकाच मापात बसल्या होत्या.

काही गोष्टी सुधारल्या आहेत, त्याही सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. २०१४-१५ मध्ये देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांतले ६२ रुपये लोकांच्या खिशातून जात, २०२१-२२ मध्ये ३९ जात होते. पण योजना ठरलेल्या उपचारांसाठी भरती झालेल्या माणसाला कामी येते. बीपीची, साखरेची रोजची गोळी, जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी तिच्यात बसत नाही. आणि मोफत दवाखान्यात औषधच नसेल, तर मोफत काय मिळाले? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात ४८ तासांत ३१ माणसे गेली, त्यांत तान्ही बाळेही होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या खाटांवर आपल्यासारख्यांच्याच घरची माणसे असतात.

२०१७ चा खरीप यवतमाळवाले विसरणार नाहीत. पऱ्हाटी डोक्यावर गेली होती, फवारणीचा फवारा तोंडावर येत होता. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो आजारी पडले. त्या रात्री कोणी खाजगी दवाखान्यांचे दर विचारत फिरले नाही. बियाणे आपण चार दुकाने फिरून घेतो. अंगाला थरकाप आणि तोंडाला फेस आलेला माणूस घेऊन चार दुकाने फिरता येत नाही. तिथे जवळचा सरकारी दवाखाना लागतो, त्यात ॲट्रोपिन लागते आणि ते द्यायला डॉक्टर लागतो. हे तिन्ही करातून येते.

म्हणून ही बैठक संपण्याआधी तीन कामे वाटून घेऊ.

पहिले. "बाहेरून आणा" म्हणून दिलेली प्रत्येक चिठ्ठी आणि दुकानाचे बिल जपून ठेवा. सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या गावनिहाय गोळा करा. हमीभावाचा लढा आपण उत्पादनखर्चाच्या हिशेबावर उभा केला, हा लढा या चिठ्ठ्यांवर उभा करू. जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे गठ्ठा ठेवू.

दुसरे. फवारणी सुरू होण्याआधी प्रत्येक तालुक्यातून चार जणांनी ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारावे, ॲट्रोपिन किती आहे, रक्ताची कोलिनेस्टरेझ तपासणी इथे होते की नमुना बाहेर जातो, रात्री डॉक्टर कोण असतो. उत्तर लेखी मागावे.

तिसरे. पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी टाळी वाजवण्याआधी थांबा. केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे किती उत्पन्न सोडले याचे विवरण छापलेले असते. ते आपण मराठीत काढून गावागावात वाचू. प्रत्येक कपातीपुढे दोन प्रश्न लिहू, कोणाचा सुटला, आणि त्याच्या बदल्यात कोणाचे थांबले?

त्या शेतकऱ्याच्या घरची बाई बरी झाली. जानेवारीत त्या घरी गेलो, तर ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला म्हणाली, "भाऊ, माझ्या तापापायी कापूस गेला." मी म्हटलं, "ताई, तुझा त्यात काही दोष नाही." हे तिला घरात सगळ्यांनी सांगितले पाहिजे. आणि ज्यांचा दोष आहे त्यांना आपण सगळ्यांनी मिळून सांगितले पाहिजे.

एवढे बोलून मी थांबतो. चिठ्ठ्यांची वही दाराशी ठेवली आहे. आपापल्या गावाचे नाव लिहूनच बाहेर पडा.