मुखपृष्ठामागचा चित्रकार



बुलढाणा, चिखली, मेहकर…
आपल्या गावच्या वाचनालयात दिवाळी अंक हाती घेताना, दृष्टी प्रथम कोठे स्थिरावते?
मुखपृष्ठावर!

मराठी मुखपृष्ठाला ज्यांनी स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या चित्रकारांत दीनानाथ दलाल यांचे नाव मी अग्रक्रमाने घेईन.

त्यांचा जन्म 1916 सालचा, गोव्यातला.
शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत.
पुढे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला;
आणि 1945 साली ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले.

येथे त्यांची भूमिका पालटली.
प्रकाशकाच्या फर्माइशीनुसार एकेक चित्र पुरवणे निराळे;
आणि कोणत्या कथेला कोणते चित्र, कोणत्या पानावर किती मोकळी जागा, मथळ्याला कोणते वळण, या साऱ्याचा मुखत्यार होऊन संपूर्ण अंकाला एक रूप देणे निराळे.
पहिला चित्रकार. दुसरा कलासंपादक.
दलाल दोन्ही होते.

त्या काळी रंगीत चित्र ब्लॉकवरून, एकेका रंगाने छापले जाई.
म्हणून चित्रकाराला छापखान्याचेही ज्ञान लागे.

आपल्या जिल्ह्यात चित्रकलेचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या तरुणांना माझी आग्रहाची विनंती आहे.
हात तयार कराच. पण कथा आधी वाचा.
पुन्हा सांगतो, कथा आधी वाचा, मग कुंचला उचला.

दलाल 1971 साली निवर्तले.
घरच्या माळ्यावर ‘दीपावली’चा जुना अंक असेल, तर आज तो अवश्य खाली काढा.