शेवटचा प्रश्न विचारण्याआधी

अमरावती जिल्ह्यातल्या गावांत ‘विश्राम’ कार्यक्रम झाला. गावातलेच कार्यकर्ते घरी जाऊन बोलत. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले, असं 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आलं.

आता आम्ही इंजिनिअर म्हणतो, याचं ॲप करू. करा की! पण पीएचक्यू-9 या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. अकोल्याकडच्या एखाद्या शेतकऱ्यानं रात्री अकराला त्यावर ‘जवळपास रोज’ दाबलं, तर त्याला फोन कोण करणार? त्यात घरात मोबाईल एकच, तोही बहुतेक पोराच्या हातात. ते उत्तर आधी पोरगाच वाचेल.

नववा प्रश्न वगळलेली पीएचक्यू-8 आहे. फोन करणारा माणूस नेमेपर्यंत तीच वापरा.