नव्या मैदानाच्या अडचणी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



गेल्या वर्षी मी मुलीकडे अमेरिकेत, मिशिगन राज्यात, पाच महिने राहून आले. तिकडे काय पाहिले हे सांगणाऱ्या पुष्कळजणी आपल्या मंडळात आहेत. मी मात्र तिकडे काय खेळले ते सांगणार आहे. या वयात कसला खेळ, म्हणून कोणी हसेल. खुशाल हसावे, पण ऐकून घ्यावे. कारण आपल्यापैकी अनेकींचे मुलांकडे जाणे-येणे आहे.

या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फमध्ये काठीने चेंडू टोलवून खळग्यात घालतात. येथे काठी नाही आणि चेंडूही नाही. वीतभर रुंदीची प्लॅस्टिकची तबकडी हाताने फेकायची. दोनतीनशे फुटांवर खांबाला लोखंडी टोपली बसविलेली असते व तिच्यावर साखळ्या लोंबत असतात. तबकडी साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की तो पल्ला संपला. मध्येच पडली तर जेथे पडली तेथून पुढची फेक. असे बहुधा अठरा पल्ले असतात आणि ते कमीत कमी फेकींत पुरे करील तो जिंकतो. एड हेड्रिक या गृहस्थांनी कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह बागेत १९७५ साली याचे पहिले कायमचे मैदान आखले. साखळ्यांच्या टोपलीची युक्तीही त्यांचीच. पुष्कळशी मैदाने सार्वजनिक बागांत असून तेथे पैसे पडत नाहीत. एकेका तबकडीवर घरातली सगळी माणसे खेळू शकतात, ही मला मोठी सोय वाटली.

मुलीच्या गावच्या बागेत असे मैदान नुकतेच तयार झाले होते. नवे आहे म्हणून नात मला हौसेने घेऊन गेली. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस कौतुकाचे असतात. या खेळात मात्र ते नऊ दिवसच अधिक त्रासाचे, असा माझा अनुभव आहे.

पहिला त्रास पायांखालचा. झाडी तोडून वाट नुकतीच काढलेली, त्यामुळे झुडपांचे खुंट बोटबोटभर वर राहिलेले. खेळणाऱ्याची नजर वर तबकडीकडे आणि पाय खाली खुंटावर! फेकण्याच्या जागी काँक्रीटचा ओटा असावा लागतो. तो अजून घातलेला नव्हता. एक पाऊस झाला की तेथे म्हशींनी खुशाल बसावे असा चिखल होई. दुसरा त्रास वाटेचा. पाट्या लागल्या नव्हत्या. चौथी टोपली संपली, पण पाचवा पल्ला कोठून सुरू होतो ते कळेना. एकदा आम्ही दोघी थेट नवव्यावर जाऊन पोहोचलो.

तिसरा त्रास तबकडी हरवण्याचा. माणसांच्या वर्दळीने गवत दबलेले नसते. तबकडी वाटेच्या दोन हात बाहेर गेली की रानात गडप. नियमाप्रमाणे तीन मिनिटांत सापडली नाही तर ती हरवली असे धरून एक फेक वाढवितात. शोधायला हात घालावा तर तेथे तीन-तीन पानांचा विषारी वेल असतो. त्याला तिकडे पॉयझन आयव्ही म्हणतात. तो आपल्या बिब्ब्याच्याच कुळातला आहे. बिब्बा उतला की अंगाचे काय होते ते आपणांस सांगायला नको. नातीच्या हातावर आठवडाभर फोड होते.

पण भगिनींनो, या झाल्या वापराने जाणाऱ्या अडचणी. शेकडो पाय फिरले की गवत दबते, वाट मळते. पाट्या लागतात, ओटेही होतात. आपण फक्त धीर धरायचा. दुसऱ्या काही अडचणी मात्र वापराने जात नाहीत, उलट वाढतात, आणि खरे सांगायचे ते हेच आहे.

अकरावी टोपली उतारावर होती. तेथे पायांनी गवत गेले, उघडी माती पावसाने धुपली, आणि महिन्या-दोन महिन्यांत झाडाची मुळे वर आली. समोरच्या कोवळ्या झाडावर रोज तबकड्या आदळून त्याची साल सोलवटली. असे झाड काळाने सुधारत नाही, मरते.

सर्वांत वाईट सातवा पल्ला. तो फिरायला येणाऱ्यांच्या जुन्या पायवाटेवरून आडवा जाई. मुलीच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. यजमान गेल्यापासून त्या रोज सकाळी त्याच वाटेने फेरी मारीत; दिवसातून माणसांत येण्याची त्यांची तेवढीच वेळ. एके दिवशी तबकडी त्यांच्या कानाजवळून गेली. सुमारे पावणेदोनशे ग्रॅम वजनाची, कठीण कडेची ती वस्तू! फेकणाऱ्याने रीतीप्रमाणे "फोअर!" अशी आरोळी दिली होती, पण बाईंना ऐकू कमी येते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाहेर पडणेच सोडले. खेळणारा मुलगा सभ्य होता, मैदान आखणारेही हौशी स्वयंसेवक. कोणाच्या मनात वाईट नव्हते, आणि तरीही एका म्हाताऱ्या बाईची सकाळ गेली.

माझ्या मुलीने बागेच्या समितीकडे लेखी कळविले आणि सभेला जाऊन ती बोलली. अशा मैदानावर एका पल्ल्यासाठी टोपली रोवण्याच्या दोन-तीन जागा करून ठेवता येतात. टोपली उचलून दुसरीकडे बसवली की पल्ल्याची दिशा बदलते. सातवी टोपली तशी हलविली. शेजारीणबाई पुन्हा फिरू लागल्या, पण त्या वाटेने नव्हे, बागेच्या कडेकडेने. एकदा बसलेले भय टोपलीइतक्या सहज हलत नाही.

म्हणून मुलांकडे जाल तेव्हा जरूर खेळा. चपला नकोत, पाय झाकणारे बूट घाला. तबकडी भडक रंगाची घ्या. तीन पानांचा वेल ओळखायला शिका. आणि मैदान नवे असेल तर पहिल्याच हंगामात नीट पाहा. खुंट, चिखल आणि गवत यांची कुरकुर घरी करा. पण उतार, झाडे आणि वाटेने जाणारी माणसे यांच्याविषयी समितीला कळवा. खुंट झिजेपर्यंत थांबता येते, कोणाच्या डोक्याला लागेपर्यंत थांबता येत नाही.