रस्त्याची डावी कड



पुण्यात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकानं एक प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो. शेजारून एक गाडी सटकन पुढे येते, काच खाली होते आणि आतून आवाज येतो, "काय रे, घरी सांगून आलायस का?" हा प्रश्न काही फक्त पुण्याचा नाही. सोलापुरात, नाशकात, नागपुरातही तो अशाच थाटात विचारला जातो. उत्तराची अपेक्षा नसते. गाडी भरधाव पुढे जाते आणि पुढच्या सिग्नलला थांबते. थोड्या वेळात ती सायकलही तिथेच येऊन टेकते. मग दोघंही एकमेकांकडे न बघता हिरव्या दिव्याची वाट बघतात.

आज या भांडणाविषयी बोलायचं आहे. मोटारवाले म्हणतात, सायकलवाले मध्येच येतात, कसेही वळतात, त्यांना ना लायसन्स ना नियम. सायकलवाले म्हणतात, मोटारवाले माजले आहेत, अंगावर गाडी घालतात. दोन्ही बाजूंना वाटतं की दोष समोरच्याच्या स्वभावात आहे. मला मात्र वाटतं की हे भांडण स्वभावाचं कमी आणि जागेचं जास्त आहे. रस्त्याच्या डाव्या कडेला सायकलसाठी म्हणून जी जागा आहे असं आपण सगळे धरून चालतो, ती बहुतेक ठिकाणी नसतेच.

थोडं मागे जाऊ. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, तेव्हाही सायकलवाला काही रस्त्याचा राजा नव्हता. सायकलीला बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, डबलसीट दिसली की चौकातला हवालदार शिट्टी फुंके. पण रस्त्यावर बहुसंख्य सायकलीच होत्या, त्यामुळे रस्त्याचा वेग सायकलीचा होता. तुरळक मोटारी त्या वेगाशी जुळवून घेत. मग 1972 साली लूना आली आणि त्याच वर्षी बजाजची चेतकही. लूनाला तर चक्क पायडल होते. बंद पडली की मारा पायडल आणि गाठा घर. सायकलीवरून मोटारीकडे जाणारा तो मधला टप्पा होता. शहर कोथरूड, हडपसर, वाकड, हिंजवडीपर्यंत पसरत गेलं, अंतरं वाढली, बस पुरेशा आल्या नाहीत आणि ज्याला जमलं त्यानं सायकल सोडली. म्हणजे आज हॉर्न वाजवणाऱ्या पुष्कळ जणांच्या घरात एक पिढीमागे सायकलच होती. माणसं तीच राहिली, रस्त्याचा वेग ठरवणारं वाहन बदललं.

सायकल मात्र संपली नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 45 टक्के घरांत सायकल होती आणि मोटार होती पाच टक्क्यांहूनही कमी घरांत. सायकलस्वार म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे येतो तो हेल्मेट घातलेला, रविवारी पहाटे खडकवासल्याकडे निघालेला हौशी स्वार. तो बोलतो, तक्रार करतो, त्याच्यामुळे हा विषय वर्तमानपत्रात येतो. पण कॅरिअरला डबा अडकवून रात्रपाळीला निघालेला वॉचमन, पेपर टाकणारा मुलगा, दुधाच्या किटल्या लावलेला गवळी, बांधकामावर जाणारा मजूर, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर शाळेला निघालेली खेड्यातली मुलगी, यांच्यासाठी सायकल ही हौस नाही. त्यांच्याकडे दुसरं वाहनच नाही. भांडणाचा आवाज पहिल्याचा ऐकू येतो, धक्का बहुधा दुसऱ्यांना लागतो.

आता त्या डाव्या कडेला काय काय असतं ते पाहू. चेंबरची झाकणं असतात, रस्त्यापेक्षा चार बोटं खाली किंवा वर. पावसाळी गटाराच्या जाळ्या असतात आणि त्यांचे गज रस्त्याच्याच दिशेनं असले तर सायकलचं चाक अलगद आत जातं. वाहून आलेली वाळू आणि खडी तिथेच साठते. रिक्षा तिथेच थांबते, बस तिथेच शिरते. उभ्या मोटारींची रांग तर असतेच आणि त्यातल्या कुठल्याही गाडीचं दार कुठल्याही क्षणी उघडू शकतं. रोज सायकल चालवणाऱ्याला हे सगळं पाठ असतं. म्हणून तो कडेपासून मीटरभर आत चालवतो. मागच्या मोटारवाल्याला चेंबर दिसत नाही, जाळी दिसत नाही. त्याला दिसतो फक्त विनाकारण मध्ये आलेला सायकलवाला.

शहराबाहेर याच कडेला साईडपट्टी म्हणतात. रस्त्यावर डांबराचा थर चढत जातो किंवा काँक्रीट होतं, रस्ता उंच होतो आणि साईडपट्टी खालीच राहते. मागून डंपरनं हॉर्न दिला म्हणून सायकल खाली उतरवायची म्हटलं, तर ती वीतभर उंचीवरून उतरवायची. पुढचं चाक मुरमात रुततं, स्वार पडतो आणि पडतो तो पुष्कळदा रस्त्याच्या बाजूला. ऊसतोडणीच्या दिवसांत सांगली-कोल्हापूरकडे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अंधारात जात असतात. त्या रस्त्यांवर साईडपट्टी भरलेली आहे की नाही, यावर माणसाचं घरी पोचणं अवलंबून असतं.

हॉर्नचंही एक शास्त्र आहे. सायकलला आरसा नसतो. मागून जोरात हॉर्न वाजला की माणूस मान वळवून बघतो. आपण डावीकडून चालतो, म्हणजे मान उजवीकडे वळते. मानेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल वळतं आणि सायकल उजवीकडे, म्हणजे थेट हॉर्न वाजवणाऱ्याच्या वाटेत येते. बाजूला हो म्हणून वाजवलेला हॉर्न त्याला जवळ ओढतो. चढावर तर आणखीच. सायकल जितकी हळू, तितका तिचा तोल नाजूक, तितकी ती नागमोडी चालते. चढावरचा नागमोडी सायकलवाला बेशिस्त नसतो, तो तोल सांभाळत असतो.

थोडा हिशोबही करू. शहरातली एक लेन साधारण तीन ते साडेतीन मीटरची. सायकलस्वाराला डोलत चालायला एक मीटर लागतो. मोठी मोटार पावणेदोन ते दोन मीटर रुंद. मध्ये सुरक्षित म्हणून दीड मीटर अंतर ठेवायचं. जर्मनीनं 2020 पासून शहरातल्या रस्त्यांवर एवढं अंतर कायद्यानंच बंधनकारक केलं. बेरीज सव्वाचार मीटरच्या पुढे जाते. म्हणजे एका लेनमध्ये मोटार आणि सायकल शेजारी-शेजारी सुखानं मावूच शकत नाहीत. पुढे जायचं तर शेजारची लेन मोकळी होईपर्यंत मागे राहावं लागतं. मागे राहिल्यानं किती बिघडतं? ताशी 15 किलोमीटरच्या सायकलमागे शंभर मीटर जायला 24 सेकंद लागतात, ताशी 40 नं नऊ. नुकसान पंधरा सेकंदांचं. शहरातल्या कुठल्याही लाल दिव्यापुढे त्याहून जास्त वेळ आपण बिनतक्रार उभे राहतो.

मोटारवाल्यांचा एक मुद्दा मात्र नेहमी येतो. आम्ही रोड टॅक्स भरतो, इन्शुरन्स भरतो, लायसन्स काढतो. सायकलवाला काय करतो? शहरातले गल्लीबोळ आणि बरेचसे रस्ते महापालिकेच्या पैशातून होतात आणि मालमत्ता कर सायकलवाल्याच्या घरालाही असतो. सायकल घेताना तोही जीएसटी भरतो. राहिलं लायसन्स. लायसन्स हे रस्ता वापरण्याच्या हक्काची पावती नव्हे. टनभर वजनाचं यंत्र माणसांमधून वेगानं नेण्यातला धोका ओळखून घातलेली ती अट आहे. सायकलीत तो धोका नगण्य, म्हणून अट नाही. वेग दुप्पट झाला की टक्करीची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलं पदार्थविज्ञान इथे अक्षरशः लागू पडतं. आपला कायदाही हेच धरून आहे. वाहनचालकांसाठी 2017 साली केंद्रानं जे विनियम केले, त्यांत पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांची विशेष काळजी घेणं हे चालकाचं कर्तव्य म्हणून सांगितलं आहे. पदपथावर किंवा सायकल ट्रॅकवर गाडी घालायलाही मनाई आहे. 2022 साली देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

याचा अर्थ सायकलवाल्यांचं सगळं बरोबर, असा नाही. रात्री दिव्याशिवाय, साध्या रिफ्लेक्टरशिवाय चालवणं हा मूर्खपणा आहे. मोटारवाल्याला काळ्या रस्त्यावरची काळी सायकल दिसणार कशी? कानात गाणी लावून चालवणं, सिग्नल तोडणं, हात न दाखवता वळणं, सुट्टीच्या दिवशी चार-चार जणांनी आडवी रांग धरून गप्पा मारत सगळा रस्ता अडवणं, यांतल्या कशाचंच समर्थन होऊ शकत नाही. राँग साईडनं येणं तर सगळ्यांत वाईट. पण त्यामागचं एक कारण समजून घेतलं पाहिजे. पुण्यातले फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता, लक्ष्मी रस्ता एकेरी झाले ते मोटारींची कोंडी सुटावी म्हणून. वळसा पडला तर मोटारवाल्याचं थोडं पेट्रोल जातं, सायकलवाल्याचा घाम जातो. नियम दोघांना सारखा, किंमत सारखी नाही. एवढ्यानं राँग साईड माफ होत नाही. पण एकेरी रस्ते आखताना सायकलला उलट दिशेनं एक सुरक्षित पट्टा ठेवला असता, तर यांतले बरेच गुन्हे घडलेच नसते.

मग सायकल ट्रॅक का वापरत नाही, असंही विचारलं जातं. पुण्यात बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठीच्या राखीव मार्गांबरोबर, 2006 च्या सुमारास सातारा रस्त्यावर, सोलापूर रस्त्यावर ट्रॅक झाले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनं नव्हे, माणसं हलवायची, असं उद्दिष्ट मांडलं होतं. प्रत्यक्षात ट्रॅकवर कुठे विजेचा खांब आला, कुठे झाड, कुठे बसथांबा, कुठे दुकानाची पायरी. प्रत्येक चौकापाशी ट्रॅक संपे आणि सायकलवाला नेमका जिथे धोका जास्त, तिथे वाऱ्यावर सोडला जाई. 2017 साली महापालिकेनं सायकलींचा सविस्तर आराखडा मंजूर केला, कागदावर 800 किलोमीटरहून मोठं जाळं आखलं. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली शहरभर दिसू लागल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकली आणणं सोपं होतं. त्या चालवायला सलग जागा करणं अवघड होतं, तेच राहिलं.

दुसरा मार्ग म्हणजे सायकलला रस्त्यावरूनच काढून टाकणं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिथला वेग माणसाच्या पायांचा नाही आणि जुना रस्ता पर्याय म्हणून आहे. पण कोलकाता पोलिसांनी 2013 साली शहरातल्याच 174 रस्त्यांवर सायकलला मनाई केली, कारण काय तर वाहतूक मंदावते. त्या बंदीचा फटका हौशी स्वारांना बसला नाही, तो दूधवाल्यांना, पेपरवाल्यांना, घरकामाला जाणाऱ्यांना बसला. शहरातला रस्ता हा वेगासाठी नसतो, पोचण्यासाठी असतो. ज्याच्याकडे पोचायचं दुसरं साधनच नाही, त्याला आधी हटवणं हा वाहतुकीचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.

तेव्हा श्रोतेहो, करायचं काय? सायकल चालवणाऱ्यांनी पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावावा, वळण्याआधी हात दाखवावा आणि आपल्या बाजूनंच जावं. मोटार चालवणाऱ्यांनी रस्त्याकडेला गाडी उभी केल्यावर दार डाव्या हातानं उघडावं. डावा हात उजवीकडच्या दाराकडे नेला की आपलं अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल डोळ्याला दिसते. याला एक पैसा लागत नाही. आपल्या प्रभागात चेंबरचं झाकण खचलेलं असेल, जाळीचे गज चुकीच्या दिशेनं असतील, गावाच्या रस्त्याची साईडपट्टी भरलेली नसेल, तर लेखी तक्रार करा. मोटारवाल्यांनो, तुम्हीही करा, कारण ती कड नीट झाली की सायकल आपणहून कडेला जाते आणि तुमचीच वाट मोकळी होते.

आणि तोपर्यंत, आज घरी जाताना पुढे सायकल दिसली, तर मागून हॉर्न वाजवू नका. जागा मिळेपर्यंत मागे राहा आणि मिळाली की पूर्ण लेन बदलून पुढे जा. तुमचे पंधरा सेकंद जातील. तेवढे द्या.